सवाईला यायचंय, पण काही कळेल का?

ऑक्टोबरच्या अंकात या सदराच्या शेवटी मी एक ओळ टाकली होती : पुण्यातल्या थंडीतल्या शास्त्रीय संगीताच्या मैफलींबद्दल, विशेषतः सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाबद्दल (म्हणजे आपला 'सवाई'), काही विचारायचं असेल तर डिसेंबरसाठी पत्रं पाठवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी आठवणीच लिहिल्या, काहींनी तक्रारी. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यांचे प्रश्न अनेकांच्या मनात असतील असं वाटलं तेवढीच पत्रं घेतली आहेत. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

ताई, मी मूळची नांदेडची. दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी पुण्यात आले, वाकडला राहते. ऑफिसातली एक मैत्रीण दरवर्षी सवाईला जाते. मीही येते म्हटलं तर बाकीचे म्हणाले, "तुला राग ओळखता येतात का? मग तिथे बसून काय करशील?" खरं सांगायचं तर मला एकही राग ओळखता येत नाही. येऊ का?

ये. नक्की ये. तुला 'तू' म्हणतेय, राग मानू नकोस, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

मी पहिल्यांदा सवाईला गेले ते १९७९ साली. सतरा वर्षांची होते. तेव्हा महोत्सव सदाशिव पेठेत रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणावर व्हायचा. वडील टपाल खात्यात होते, गाण्याचे वेडे. त्यांनी मला बखोटीला धरूनच नेलं म्हण ना. मी दर पाच मिनिटांनी विचारत होते, "बाबा, हा कुठला राग?" दोनदा त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "नाव नंतर विचार. नवीन माणूस भेटला की आधी दोन शब्द बोलतो ना आपण?" मग मी गप्प बसले. त्या संध्याकाळी कुणीतरी जे गायलं त्यात एक स्वर असा होता, की तो आला की पोटात काहीतरी हलायचं. दर वेळी तोच. तो पूरिया धनाश्री रागातला कोमल रिषभ, म्हणजे जरा खालचा 'रे' होता, हे मला चार वर्षांनी, शिकायला लागल्यावर कळलं. पण ओळख त्या संध्याकाळीच झाली होती.

तर तू एवढंच कर. पहिला कलाकार बसायच्या आत येऊन बस. महोत्सव दुपारी सुरू होतो, त्यामुळे एक दिवस तरी रजा टाकावी लागेल. ऑफिस सुटल्यावर साडेसातला धावतपळत आलीस तर कान वाहतुकीच्या आवाजानेच भरलेले असतात, निवायला तासभर जातो. आलीस की आधी तानपुऱ्याकडे कान दे. तो एकच षड्ज, म्हणजे 'सा', सतत वाजत असतो, ते गाण्याचं घर. गाणारा त्या घरातून बाहेर पडतो, लांब जातो, फिरतो, आणि परत येतो. परत आल्याचं तुला कळेल, त्याला शिक्षण लागत नाही. मग तबला सुरू झाला की आजूबाजूच्या जुन्या श्रोत्यांकडे बघ. विशिष्ट जागी सगळ्यांच्या माना एकदम हलतात, मांडीवरचा हात पडतो. ती सम, तालाच्या चक्राची पहिली मात्रा. अशी तीनचार आवर्तनं बघितलीस की पुढची सम तुझ्याच अंगात आधी येईल.

आणखी एक गोष्ट. दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत एकाच जागी बसलीस तर उजेड उतरतो तसे राग बदलताना ऐकू येतात. दुपारी मुलतानी किंवा भीमपलास, दिवेलागणीला मारवा, श्री, पूरिया धनाश्री, त्यानंतर यमन, भूप, शुद्ध कल्याण, आणि थंडी अंगाला लागायला लागली की बिहाग, केदार, बागेश्री. सगळेच कलाकार हे काटेकोर पाळतात असं नाही, पण बहुतेक जण पाळतात. नावं नाही कळली तरी दुपारचं गाणं आणि रात्रीचं गाणं यांचा रंग वेगळा आहे, हे तुला पहिल्याच दिवशी जाणवेल. घरी बसून तुकड्यातुकड्याने ऐकताना हे कळत नाही, तिथे बसलं की कळतं.

मध्येच डोळा लागला तर लागू दे. विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या गाण्यात, पेंग येते, मलाही यायची. जाग येते ती बहुधा द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू होताना, आणि ती जाग फार सुंदर असते. फक्त कलाकार गात असताना उठून खाण्याच्या स्टॉलकडे जाऊ नकोस. दोन कलाकारांच्या मध्ये भरपूर वेळ मिळतो.

आम्ही सोलापूरहून दोन दिवसांसाठी आलो होतो. एका कलाकारांनी वाद्यं जुळवण्यात इतका वेळ घेतला की शेजारचे लोक कंटाळून बोलायला लागले. ग्रीन रूममध्ये जुळवून का आणत नाहीत? आणि मध्येच तबल्यावर हातोडी मारायची काय गरज? मी इंजिनिअर आहे, मला कारण हवंय.

कारण आहे, आणि ते तुम्हाला पटेल.

वाद्यं ग्रीन रूममध्ये जुळवूनच आणलेली असतात. मी शिकत असताना सात-आठ वर्षं गुरुजनांच्या मागे तानपुऱ्यावर बसले आहे, त्यामुळे हे जवळून बघितलंय. तिथे तानपुरा अगदी मोत्यासारखा लागलेला असतो. मग तो उचलून मंचावर आणायचा. ग्रीन रूम गार, मंचावर दिव्यांची धग. तारा धातूच्या, धग लागली की सैलावतात, सूर उतरतो. तासाभराने रात्र चढते, वारा सुटतो, तारा आवळतात आणि सूर चढतो. तबल्याचं उलटं गणित : त्याचं तोंड चामड्याचं. डिसेंबरात मांडवाच्या कडांनी दव आत येतं, ते चामडं पितं, सैल होतं आणि तबला उतरतो. कोरडी हवा असेल तर चढतो. बासरी गार असली तर खाली बोलते, म्हणून बासरीवाले वाजवण्याआधी तिच्यात नुसती फुंकर घालत बसलेले दिसतात. म्हणजे एकाच मंचावर, एकाच गारठ्यात, तार वर निघालीये आणि चामडं खाली. दोघांना एका षड्जावर आणून धरायचं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा आणायचं. हातोडी त्यासाठी. गजऱ्यावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या चामडी वेणीवर, वरून मारली की तोंड ताणतं, खालून मारली की सैल होतं, आणि जास्त फरक असेल तर वादीखालचे, म्हणजे बाजूच्या चामडी पट्ट्यांखालचे, लाकडी गट्टे सरकवतात.

आता तानपुऱ्याचं जरा सावकाश सांगते, कारण तो माझ्या हातातला विषय आहे. तार जिथे घोडीवर टेकते तिथे तिच्याखाली सुती दोऱ्याचा एक बारीक तुकडा असतो. तार छेडायची आणि तो दोरा बोटाच्या टोकाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा. आधी आवाज मुका असतो, लाकडावर टिचकी मारावी तसा. दोरा सरकता सरकता एका जागी येतो आणि तार एकदम उमलते. एका छेडीतून पाच-सहा स्वर बाहेर पडतात, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यासारखं वाटतं. याला जवारी लागली म्हणतात. थंडीत बोटं बधिर झालेली असतात, दोरा किती सरकला ते बोटाला कळत नाही, कानालाच कळतं. मी बोटं काखेत धरून गरम करायची आणि मग दोऱ्याला हात लावायची. नंतर तारेतले मणी, ते सूर शेवटचा कणभर हलवायला. चार तारा, दोन तानपुरे, म्हणजे आठ तारा एकमेकींशी जुळायच्या. गाणारी व्यक्ती मागे न बघता नुसती मान हलवून सांगायची : अजून नाही.

माझं म्हणणं असं आहे की तो वेळ बोलण्यात घालवू नका. ती गाण्याआधीची खटपट नव्हे. आठ तारा हळूहळू एक होताना ऐकल्या की आपलाही कान त्यांच्याबरोबर लागत जातो. ज्यांनी ते ऐकलं त्यांना पहिला षड्ज वेगळा ऐकू येतो, हे मी अनुभवाने सांगते.

तुम्ही सोलापूरचे आहात म्हणून आणखी एक. मिरजेचे तानपुरे प्रसिद्ध, मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्यांना लागणारा भोपळा तुमच्याच मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. पुढच्या वेळी तो भोपळा मंचावर दिसला की आपल्या जिल्ह्यातला म्हणून बघा.

माझे वय ७८. रात्रभर चाललेला सवाई आम्ही ऐकला आहे. पहाटे बाहेर पडून अमृततुल्यात चहा घेऊन घरी जायचो. आता दहा वाजले की माइक बंद. मालकंस, दरबारी हे मध्यरात्रीचे राग ऐकायचे तरी कधी? हा आमच्यावर अन्याय नाही का?

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रात्री दोनचा दरबारी ज्यांनी उघड्या आभाळाखाली ऐकलाय त्यांना दहाला उठवून लावणं म्हणजे पानावरून उठवल्यासारखंच.

तरी 'अन्याय' हा शब्द मी वापरणार नाही. नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतला आहे : रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही मर्यादा बारापर्यंत वाढवू शकतं, त्यामुळेच महोत्सवात शनिवारी बहुधा मध्यरात्रीपर्यंत गाणं होतं. माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि आमचं घर रस्त्यावर. त्या काळात दहानंतरच्या शांततेची किंमत मला कळली. नियम गाण्यासाठी सैल केला तर तो सगळ्यांसाठीच सैल होईल, आणि सगळेच काही दरबारी लावणार नाहीत.

पण नुकसान झालंय, हेही तितकंच खरं. नव्या कलाकारांना मालकंस साडेआठला गावा लागतो, नाहीतर तो मंचावर गाताच येत नाही. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी गळा कसा उतरतो, श्रोते कसे जवळ सरकतात, हे त्यांतल्या अनेकांनी अनुभवलेलंच नाही. बंद सभागृहाला मात्र त्या नियमातच मोकळीक आहे, आवाज बाहेर जात नसेल तर. माझी जिथे जिथे ओळख आहे तिथे मी हेच सांगत आलेय की थंडीत एखादी रात्र, दीडशे-दोनशे माणसं मावतील अशा सभागृहात, दहाला सुरू करून पहाटे भैरवीने संपवा. माइक नसला तरी चालेल. जुन्या वाड्यांतल्या बैठकी माइकशिवायच होत होत्या. कुणी घडवून आणलीच, तर तुम्हाला आणायला मी स्वतः रिक्षा घेऊन येईन.

सहा वर्षांच्या मुलाला आणलं तर चालेल का? लोक रागावतील अशी भीती वाटते.

आणा. पण तीन तासांपेक्षा जास्त बसवू नका. कडेची जागा धरा, म्हणजे चुळबुळ सुरू झाली की पटकन बाहेर पडता येईल. मुलांना आधी वाद्यवादन द्या : तबला, संतूर, बासरी. हात कुठे पडतो आणि आवाज कसा येतो हे त्यांना दिसतं. माझ्या भावाचा नातू पाच वर्षांचा असताना पूर्ण वेळ झाकिरभाईंची नक्कल आपल्या गुडघ्यांवर करत बसला होता, आणि मागच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईंनी त्याला लाडूची पुडी काढून दिली. लोक मुलांवर रागावत नाहीत. मोबाइल उंच धरून चित्रीकरण करणाऱ्या मोठ्यांवर रागावतात, आणि ते बरोबरच आहे. त्या पडद्याचा उजेड मागच्या दहा माणसांच्या डोळ्यांत जातो.

गुडघे दुखतात. जमिनीवर बसणं होत नाही.

खुर्चीचं तिकीट काढा, त्यात कमीपणा काही नाही. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो, मैदान मोठं आहे, त्यामुळे वाहन ठेवण्यापासून मांडवापर्यंत चालावं लागतं. ते धरून वेळेच्या अर्धा तास आधी निघा. शाल, कानटोपी, पायात मोजे. सातनंतर गारठा जमिनीतून वर येतो, सतरंजीवर बसणाऱ्यांनी खाली जाड चादर किंवा जुनी गोधडी घ्यावीच. थर्मासमध्ये सुंठ घातलेला चहा.

वसतिगृहात राहतो, महिन्याचे पैसे मोजके येतात. पाचही दिवसांचं तिकीट परवडणार नाही. काय करू?

एकाच दिवसाचं भारतीय बैठकीचं, म्हणजे खाली बसायचं, तिकीट काढ. सगळ्यांत स्वस्त तेच, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगलं ऐकणं तिथेच होतं, कारण तिथे येणारी माणसं ऐकायलाच आलेली असतात. दिवस निवडताना मोठ्या नावांकडे न बघता ज्या दिवशी दोन गायक आणि दोन वादक असतील तो निवड. उरलेल्या दिवसांत सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' हे कार्यक्रम असतात. 'षड्ज'मध्ये जुन्या कलाकारांवरचे माहितीपट दाखवतात, 'अंतरंग'मध्ये कलाकारांशी गप्पा होतात. गाणाऱ्याला बोलताना ऐकलं की त्याचं गाणं वेगळं कळतं. २०२३ पासून डिसेंबरातच फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथेही एक चक्कर मार. जानेवारीत डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ वसंतोत्सव असतो. थंडी संपेपर्यंत पुण्यात ऐकणाऱ्याला तोटा नाही.

गेल्या वर्षी नाशिकहून पहिल्यांदा आलो. शेवटच्या दिवशी सगळं संपल्यावर एक जुनी ध्वनिमुद्रिका लागली आणि अख्खा मांडव उभा राहिला. आम्हीही उभे राहिलो, पण कोणाचा आवाज आणि का, हे विचारायचं राहून गेलं.

तो खुद्द सवाई गंधर्वांचा आवाज. म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. संगीत नाटकांत त्यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि सवाई गंधर्व हे नाव त्यांना नाटकाच्या दिवसांतच मिळालं. त्यांच्याकडे शिकलेली नावं बघा : गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी. गंगूबाई हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जाऊन शिकत. भीमसेनजी लहान वयात गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, गावोगाव फिरले, आणि शेवटी घराजवळच्या कुंदगोळला रामभाऊंकडे पोचले.

१९५२ च्या सप्टेंबरात रामभाऊ गेले. १९५३ पासून भीमसेनजींनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या साथीने गुरूंची पुण्यतिथी गाण्याने साजरी करायला सुरुवात केली. आज आपण ज्याला महोत्सव म्हणतो तो मुळात एका शिष्याने घातलेला वर्षाचा नेम. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेले, त्यानंतर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं. अखेरचं गाणं वर्षानुवर्षं भीमसेनजींचं असायचं, पुढे ती जागा डॉ. प्रभा अत्रे यांनी सांभाळली. २०२४ च्या जानेवारीत त्याही गेल्या. आणि सगळ्यांचं गाऊन झालं की शेवटचा आवाज गुरूंचा. भैरवी. जुनी तबकडी, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, त्यामुळे त्यात पसारा नाही, पहिल्या ओळीलाच आर्तता आहे.

वडील ती तबकडी लागायच्या आधीच उठायचे. सतरंजी घडी करून बगलेत धरायचे, चपला घालायचे नाहीत. चपला घालून गुरूंना नमस्कार करत नाहीत, म्हणायचे. दवाने ओल्या मातीत अनवाणी उभे. मीही तशीच उभी राहायची, पाय गारठून जायचे.

२०२० साली करोनामुळे महोत्सव झाला नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी रात्री दहाच्या सुमारास मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल ठेवला आणि ती भैरवी लावली. यजमान भांडी पुसत होते. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं, फडका खांद्यावर टाकला, आणि पायातल्या सपाता काढून ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.